‘काइंड ऑफ ब्लू’ भावत नसेल, तर तो कसा ऐकावा

अमेरिकन ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’ (1959) जॅझच्या सर्वोत्तम अल्बमांत गणला जातो आणि नवख्या श्रोत्याला बहुधा तोच आधी सुचवला जातो. म्हणूनच तो ऐकून काही वाटले नाही, तर उणीव आपल्याच कानात असावी, असे अनेकांना वाटू लागते. माझ्या मते हा कंटाळा बहुतेक वेळा नको त्या गोष्टीची वाट पाहिल्याने येतो. केरीच्या केसरबाई केरकर आणि कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर यांचा वारसा सांगणाऱ्या गोव्यातल्या श्रोत्याकडे तर हा अल्बम समजून घेण्याची साधने घरातच असतात.

सर्वप्रथम मोबाइलच्या स्पीकरवर ऐकणे थांबवावे. ‘सो व्हॉट’ या पहिल्या रचनेची मुख्य धून पॉल चेंबर्स यांच्या बासवर (खर्जातल्या मोठ्या तंतुवाद्यावर) वाजते आणि पियानो तिला दोन स्वरसंघातांनी (एकत्र वाजणाऱ्या स्वरांनी, म्हणजे कॉर्डनी) उत्तर देतो. खर्जातले स्वर लहान स्पीकरवर जवळपास नाहीसे होतात, आणि मग प्रश्न ऐकू न येता केवळ उत्तरेच कानी पडतात. बरे हेडफोन घ्यावेत, आणि कौलांवर पाऊस कोसळत असेल तेव्हा हे ऐकणे पुढे ढकलावे.

त्यानंतर भजनाची पेटी जवळ घ्यावी. पांढरी दोनला षड्ज मानून केवळ पांढऱ्या पट्ट्यांवरून वरच्या षड्जापर्यंत जावे. कोमल गंधार आणि कोमल निषाद असलेला हा काफी थाट आहे, आणि ‘सो व्हॉट’चा मोठा भाग याच स्वरांवर उभा आहे. रेकॉर्डवरचे स्वर पेटीपेक्षा किंचित चढे वाटले, तर ती जुनी आवृत्ती असू शकते: मूळ रेकॉर्डच्या पहिल्या बाजूचे ध्वनिमुद्रण करताना यंत्राचा वेग कमी राहिल्यामुळे ती बाजू चढ्या स्वरात वाजत असे, आणि ही चूक 1990 च्या दशकातल्या आवृत्त्यांत सुधारली गेली.

पुढची पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, म्हणून तिला वेळ द्यावा. आरंभीचा लयमुक्त भाग संपून धून सुरू झाली, की हातावर तीनताल मोजावा. चार आवर्तने षड्ज पांढरी दोनवर राहतो, पुढची दोन आवर्तने सगळी स्वररचना अर्ध्या स्वराने वर सरकून काळी दोनवर जाते आणि शेवटची दोन आवर्तने पुन्हा मूळ जागी येते. आठ आवर्तनांचा हा फेरा अखेरपर्यंत फिरत राहतो. ती वर सरकण्याची जागा आधीच ओळखता येऊ लागली, की पूर्वी सपाट वाटणारे संगीत हलू लागते.

त्या काळच्या जॅझमध्ये स्वरसंघात भराभर बदलत आणि वादक त्यांचा पाठलाग करीत. याच अल्बममध्ये वाजवणाऱ्या जॉन कोल्ट्रेन यांनी मे 1959 मध्ये ‘जायंट स्टेप्स’ ही अत्यंत वेगाने स्वरसंघात बदलणारी रचना ध्वनिमुद्रित केली, तर त्याआधी काहीच आठवडे डेव्हिस यांनी तो पाठलागच काढून टाकला होता. त्यामुळे येथे कळसाची वाट पाहू नये. त्याच आठ आवर्तनांत प्रत्येक वादक काय करतो, ते पाहावे. डेव्हिस थोडे स्वर घेऊन मध्ये मोकळी जागा सोडतात, कोल्ट्रेन ती भरून काढतात आणि त्यांच्यामागून येणारे कॅननबॉल ॲडर्ली आपल्या सॅक्सोफोनवर तीच वाट अधिक खेळकरपणे चालतात. मात्र हा राग आहे, असे समजू नये. येथे आरोह-अवरोहाचे नियम नाहीत आणि बास तानपुऱ्यासारखा स्थिर राहत नाही.

पाच रचना एका बैठकीत संपवण्याची गरज नाही. ‘सो व्हॉट’ ओळखीची झाली, की सहा मात्रांच्या झोक्यातली ‘ऑल ब्लूज’ घ्यावी आणि ‘फ्लेमेंको स्केचेस’ शेवटी ठेवावी, कारण तिच्यात एकामागून एक पाच स्वरसमूह येतात आणि प्रत्येकावर किती वेळ थांबायचे, हे वादक स्वतः ठरवतो.

एवढे करूनही अल्बम आवडला नाही, तर तसे स्पष्ट म्हणावे आणि आधीच्या काळातल्या, नाचासाठी वाजवल्या जाणाऱ्या स्विंगकडे वळावे. हळदोण्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट तेच संगीत मुंबईत वाजवीत आणि संगीतकार सी. रामचंद्रांचे सहायक म्हणूनही त्यांनी काम केले. त्यामुळे रामचंद्रांचे संगीत असलेल्या 1951 च्या ‘अलबेला’ चित्रपटातली गाणी पुन्हा ऐकताना केवळ ट्रम्पेटकडे लक्ष ठेवणे, ही त्या दिशेची सोपी सुरुवात आहे.