सेंटओएसवरून डेबियनवर घरचा सर्व्हर नेताना या चुका टाळा

सेंटओएस ७ या लिनक्स सिस्टीमचे अपडेट ३० जून २०२४ ला बंद झाले. घरच्या जुन्या डेस्कटॉपवर अजून तेच असेल तर डेबियन १२ या दुसऱ्या लिनक्सवर जायला हरकत नाही, पण सोलापूरच्या मे महिन्यातली दुपार त्यासाठी निवडू नका. पार्टिशन (डिस्कचे भाग) लिहिताना लाईट गेली तर सगळंच पहिल्यापासून. मशीन इन्व्हर्टरवर घ्या, आणि धुळीसाठी वर चादर टाकली असेल तर ती आधी काढा!

इन्स्टॉल करताना डेटाच्या डिस्कची साटा केबल (डिस्क मदरबोर्डला जोडणारी) काढून ठेवा. डिस्कची एसडीए, एसडीबी ही नावं प्रत्येक वेळी त्याच क्रमाने येतील असं नाही; चुकीची डिस्क फॉरमॅट होते ती इथेच. जमलं तर डेबियन वेगळ्या एसएसडीवर टाका, म्हणजे जुनी सिस्टीम जशीच्या तशी राहते.

खरा घोळ होतो मालकीचा. डिस्कवर फाइलच्या मालकाचं नाव नसतं, नंबर असतो. जुन्या मशीनवर बाबा १००० आणि ताई १००१ होते. डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये पहिलं खातं ताईचं उघडलं की १००० तिला मिळतो. मग बाबांनी काढलेले गड्डा यात्रेचे फोटो ताईच्या नावावर दिसतात आणि बाबांना ‘परमिशन डिनाइड’. वैतागून सगळ्याला ७७७ (कुणालाही वाचा, बदला, चालवा अशी मोकळीक) देऊ नका. जुन्या मशीनवर ‘ls -ln’ ही कमांड देऊन नंबर लिहून घ्या आणि नवी खाती त्याच नंबरांनी उघडा. आरसिंक या कॉपीच्या कमांडने फाइल नेताना ‘--numeric-ids’ पर्याय लावा. सर्व्हिसचे नंबरही बदलतात: अपाचे हा वेब सर्व्हर सेंटओएसवर ४८, डेबियनवर ३३. तिथे मात्र मालकी नव्याने द्यावीच लागते.

पोस्टग्रेस या डेटाबेसचा डेटा फोल्डर उचलून नेऊ नका. सेंटओएस ७ मध्ये त्याची ९.२ आवृत्ती आहे, डेबियन १२ मध्ये १५; जुन्या फोल्डरवर नवा पोस्टग्रेस सुरूच होणार नाही. जुना सर्व्हर चालू आहे तोवर पूर्ण डम्प (सगळा डेटा फाइलमध्ये उतरवून) काढा. सांबाचे (विंडोजशी फाइल शेअर करणाऱ्या सर्व्हिसचे) पासवर्ड लिनक्सच्या पासवर्डपासून वेगळे साठवलेले असतात, ते पुन्हा द्या.

एफएसटॅबमध्ये (सुरू होताना जोडायच्या डिस्कची यादी) डेटा डिस्क sda-sdb ऐवजी यूयूआयडीने, म्हणजे तिच्या ओळख क्रमांकाने लिहा आणि ‘nofail’ (डिस्क नसली तरी पुढे जा) लावा. नाहीतर केबल सैल असली की सर्व्हर ९० सेकंद वाट पाहतो आणि इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसतो. तिथे एसएसएच (दुसऱ्या मशीनवरून लॉगिन) चालत नाही, स्क्रीन म्हणून हॉलमधला टीव्ही ओढून आणावा लागतो.