पेट्रोल मिनिटांत मोजा, अन् खालचं वावर आधीच पाहून ठेवा

पोरांनो, टाकीतलं पेट्रोल लिटरमध्ये नाही, मिनिटांत मोजायची सवय लावा. आपलं दोन सीटचं शिकाऊ विमान, सेसना १५२, तासाला साधारण २३ लिटर पिते. गोंदियाच्या बिरसी विमानतळाहून नागपूर ७५ नॉटिकल मैल, ९० नॉटनं (म्हणजे तासाला ९० नॉटिकल मैल) ५० मिनिटं, म्हणजे १९ लिटर झाले. पण मे महिन्यात पश्चिमेचा २० नॉटचा वारा समोरून लागला की तेच ६४ मिनिटं अन् साडेचोवीस लिटर. त्यात स्टार्ट, टॅक्सी (रनवेपर्यंत जमिनीवरून चालत जाणं), चढाईचे चारेक धरा, नागपूरला रनवे मिळाला नाही तर दुसरीकडे जायचे धरा, अन् वरून पाऊण तासाचे १७, त्यांना हात लावायचा नाही.

गेजच्या काट्यावर बिलकुल जाऊ नका. पंखावर चढा, डिपस्टिक टाका, ओली रेघ कुठवर आली ते स्वतःच्या डोळ्यानं पाहा. मग खालून कपात थोडं काढून उजेडात धरा, आव्हगॅस (विमानाचं पेट्रोल) निळसर असते अन् पाणी असलं तर तळाशी मण्यासारखं वेगळं बसते. पावसाळ्यात मी स्वच्छ येईस्तोवर काढतच राहतो.

आता इंजिन बंद पडलंच तर पहिले ६० नॉटचा वेग पकडा, बाकी सगळं नंतर. वारा नसला तर हजार फुटामागं दीडेक नॉटिकल मैल सरकता येते. अन् आल्टिमीटरवर (उंची दाखवणाऱ्या काट्यावर) ४००० फूट दिसतात म्हणून निवांत राहू नका, आपली जमीनच समुद्रसपाटीपासून हजारेक फूट वर आहे, म्हणजे हातात ३०००च. वावर ठरवा, मग फ्युएल व्हॉल्व्ह, मिक्श्चर (पेट्रोल-हवेचं प्रमाण), कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा), मॅग्नेटो (ठिणगी देणारा) पाहा, मग रेडिओवर मेडेची हाक अन् ट्रान्सपॉन्डरवर ७७०० हा संकटाचा कोड.

वावर निवडायचं तर महिना पाहा. एप्रिलात चणा-गहू निघालेलं रान सगळ्यात चांगलं. भंडारा-गोंदियाकडच्या धानाच्या बांध्या वरून सपाट दिसतात पण प्रत्येकीला धुरा (बांध) आहे, पुढचं चाक त्यातच अडकते. दिवाळीच्या सुमारास पऱ्हाटी (कपाशी) कमरेएवढी अन् तूर डोक्याएवढी असते, अन् पावसात काळ्या मातीत चाक रुतलं की विमान उलथायची भीती. नांगराच्या तासाच्या दिशेनं उतरा, आडवं नको. तार वरून दिसत नाही, खांब शोधा, विहिरीवर मोटर असली म्हणजे तिथवर लाईन आलेलीच असते. वारा कुठला ते धुऱ्यावर पेटवलेल्या काडीकचऱ्याच्या धुरावरून कळते.

टेकायच्या आधी मिक्श्चर, व्हॉल्व्ह, मॅग्नेटो बंद, फ्लॅप (पंखाच्या मागच्या पट्ट्या) पूर्ण टाकले की मास्टर (विजेचं मुख्य बटण) बंद, अन् दाराची कडी काढून ठेवा, धक्क्यानं चौकट वाकली तर दार उघडत नाही.