उन्हाळ्यात टायरची हवा कमी करू नका. ती अशी तपासा

मे महिना लागला की टायरवाल्याकडे एक सल्ला हमखास मिळतो: 'ऊन फार आहे, तीन पॉइंट कमी ठेवा.' हा सल्ला घातक आहे. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दुमडते आणि त्या दुमडण्यानेच टायर तापतो. कळंबोलीहून एक्सप्रेसवेला लागल्यावर भरलेली गाडी, खाली तापलेलं काँक्रीट आणि टायरमध्ये ३३ ऐवजी २६ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप, टायरवाल्याचा 'पॉइंट' तो हाच), असं जमून आलं तर टायर फुटू शकतो.

योग्य आकडा ड्रायव्हरच्या दाराशी, खांबावरच्या स्टिकरवर असतो. पुढच्या-मागच्या चाकांचा वेगळा, पूर्ण भरलेल्या गाडीचा वेगळा. टायरच्या बाजूला छापलेली कमाल मर्यादा भरायची नसते.

हवा मोजायला स्वतःचा डिजिटल गेज घ्या.

आता खरी अडचण. स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा असतो, म्हणजे गाडी निदान तीन तास उभी असलेली. हवा भरायचा पेट्रोल पंप मात्र दोन-चार किलोमीटरवर असतो आणि तिथे पोचेपर्यंत टायर तापलेला असतो. महामार्गावर चालून आलेला टायर थंड आकड्यापेक्षा ३ ते ५ पीएसआय जास्त दाखवतो. ही वाढ अपेक्षितच आहे, कंपनीने ती धरूनच आकडा दिलेला असतो. गरम टायरमधून ३३ येईपर्यंत हवा सोडली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे २९ उरतात.

म्हणून फरक मोजा. सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्येच चारही टायर तपासा आणि लिहून ठेवा. समजा ३३ हवेत आणि ३० आहेत, म्हणजे ३ कमी. पंपावर तोच टायर ३२ दाखवत असेल, तर ३५ पर्यंत भरून घ्या. पंपाचं मीटर थोडं चुकीचं असलं तरी फरक बराचसा बरोबरच पडतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गेज लावा. तपासताना गाडीची एक बाजू उन्हात नको, नाहीतर त्या बाजूचे टायर उगाच जास्त दाखवतात.

तापमानाचा हिशेब सोपा: १० अंश सेल्सिअसला साधारण दीड पीएसआय. मे महिन्यात भरलेली हवा जानेवारीच्या पहाटे दोन-तीन पीएसआयने उतरलेली दिसते, पंक्चर नसतानाही. नायट्रोजनही गरम-थंड झाल्यावर इतकाच वाढतो-घटतो, त्यामुळे 'नायट्रोजन आहे, तपासायला नको' हे ऐकूच नका.

गाडी स्वतःही सांगते. पुढे हवा कमी असेल तर स्टिअरिंग जड होतं आणि गायमुख घाटाच्या वळणावर गाडी बाहेर सरकू पाहते. मागे कमी असेल तर लेन बदलताना मागचा भाग डुलतो. पुढच्या एकाच चाकात कमी असेल तर गाडी त्या बाजूला ओढते. जास्त हवेने टायरचा मधला पट्टाच रस्त्याला टेकतो, खड्ड्यात गाडी उडते आणि ब्रेकची पकड घटते. पावसाळ्यात मात्र कमी हवाच जास्त धोक्याची: पाम बीच रोडवर साचलेल्या पाण्यावर टायर लवकर तरंगतो आणि स्टिअरिंग फिरवून उपयोग होत नाही.

महिन्यातून दोनदा तपासा, स्टेपनीसकट. व्हॉल्व्हची टोपी हरवली असेल तर नवी बसवा, नाहीतर आत माती जाऊन हवा झिरपते.