जुन्या बाईकचा कार्बोरेटर: खोलण्याआधी या चुका टाळा

आमची स्प्लेंडर २००३ सालची. गेल्या पावसाळ्यात तीन महिने ती पार्किंगच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली पडून होती. नवरात्रात बाहेर काढली तर चोक (हवा कमी करून पेट्रोलचं प्रमाण वाढवणारा खटका) लावून सुरू व्हायची, पण चोक काढला की सिग्नलला गप्प. नाक्यावरच्या फिटरने स्क्रू फिरवून रेस वाढवली आणि ‘झालं काम’ म्हणाला. गाडी उभ्या उभ्या ट्रॅक्टरसारखी ओरडायला लागली, मूळ दुखणं मात्र तसंच.

रेस वाढवून वेळ मारून नेणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. त्या स्क्रूने कार्बोरेटरमधली, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागातली, हवेची वाट उघडणारी स्लाइड जराशी वर उचलली जाते, एवढंच. तुंबलेलं जेट, म्हणजे पेट्रोल जाण्यासाठी बारीक छिद्र असलेला तुकडा, त्याने मोकळं होत नाही.

आधी चोक लावून बघा

याला हत्यार लागत नाही. चोक लावल्यावर गाडी सुधारली तर इंजिनाला पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठून तरी जादा हवा शिरतेय. चोक लावल्यावर आणखी बिघडली, काळा धूर आला, प्लगवर काजळी दिसली तर पेट्रोल जास्त जातंय. मग एअर फिल्टर आणि फ्लोट (कार्बोरेटरच्या वाटीतली पेट्रोलची पातळी सांभाळणारा तरंगता भाग) बघा. काहीच फरक पडला नाही तर कार्बोरेटरला हात न लावता आधी प्लग बदला आणि प्लग कॅप तपासा. कार्बोरेटरच्या नावावर खपलेले निम्मे बिघाड प्लगचेच निघतात, असं माझं मत आहे.

दुसरी खूण रेसच्या मुठीवर मिळते. मूठ सोडल्यावर किंवा अगदी थोडी उघडल्यावर गाडी बंद पडत असेल तर दोष पायलट जेटचा, म्हणजे मंद गतीला पेट्रोल देणाऱ्या छोट्या जेटचा. मधल्या टप्प्यात झटके देत असेल तर नीडल, म्हणजे स्लाइडला लटकणारी सुई. पूर्ण मूठ पिळूनही जोर लागत नसेल तर मेन जेट (मोठं जेट) किंवा टाकीकडून येणारं पेट्रोलच अपुरं.

टाकी विसरू नका

गाडी पाच-सात किलोमीटर मस्त चालते, मग दम तोडते आणि दहा मिनिटांनी पुन्हा सुरू होते? पुढच्या वेळी बंद पडली की टाकीचं झाकण उघडा. ‘फुस्स’ आवाज येऊन गाडी लगेच चालू झाली तर झाकणातलं हवेचं छिद्र बुजलंय. यासाठी अख्खा कार्बोरेटर खोलून घेतलेले लोक मी पाहिलेत. तसंच पेट्रोलची नळी कार्बोरेटरकडून काढून बाटलीत सोडा आणि कॉक (टाकीखालचा पेट्रोलचा नळ) उघडा. धार सलग हवी. थेंब थेंब येत असेल तर कॉकची जाळी गंजाने भरलीय. हे मोकळ्या जागेत, गार इंजिनावर करा. विडी-सिगरेट लांब ठेवा.

फ्लोटच्या वाटीखालचा स्क्रू सैल करून तिथलं पेट्रोलही काचेच्या बाटलीत घ्या. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून तळाला वेगळा थर धरतात. आमच्या बाटलीत तो थर बोटभर निघाला.

जेटमध्ये सुई घालू नका

जेट पितळेचं, म्हणजे मऊ. पायलट जेटचं छिद्र अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं. सुईने किंवा तारेने टोचलं की ते मोठं होतं आणि गाडी कायमची पेट्रोल पिऊ लागते. आमचं जेट खिडकीसमोर धरलं तर आरपार काहीच दिसेना. रात्रभर कार्बोरेटर क्लीनरमध्ये बुडवलं, सकाळी पंक्चरवाल्याकडे जाऊन हवा मारून आणली, तेव्हा टाचणीच्या टोकाएवढा उजेड दिसला. कार्बोरेटरच्या बॉडीत हवा मारायची असेल तर फ्लोट आणि त्याची रबरी टोकाची पिन आधी बाहेर काढा.

एअर स्क्रू (मंद गतीला हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा स्क्रू) काढण्यापूर्वी तो हलक्या हाताने पूर्ण आत घ्या आणि किती फेरे बसले ते लिहून ठेवा. साधारण दीड-दोन असतात. जोराने आवळला तर टोक बिघडतं. दिशेतही गंमत आहे: स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर आत फिरवल्यावर पेट्रोलचं प्रमाण वाढतं, इंजिनाच्या बाजूला असेल तर कमी होतं. हे न बघता फिरवणारे उलट्या दिशेला जातात. शेवटचं सेटिंग इंजिन तापल्यावरच.

सगळं स्वच्छ करूनही मूठ सोडल्यावर रेस लगेच खाली येत नसेल तर कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधला जोड पाहा. आरएक्स १००सारख्या गाड्यांत तिथलं रबर चिरतं, आमच्याकडे ओ-रिंग कडक झाली होती. ती बदलल्यावर रेस जागेवर आली.

एक गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. ओव्हरफ्लोच्या नळीतून पेट्रोल गळत असेल तर कॉक बंद करा, वाटीवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोका. फ्लोटची अडकलेली पिन कधी कधी तेवढ्यानेच सुटते. पण रात्रभर गळलं असेल तर किक मारण्याआधी ऑइलची काडी काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला किंवा ऑइल खुणेच्या वर चढलेलं दिसलं, तर ऑइल बदलल्याशिवाय गाडी सुरू करू नका.