अर्जित रजेचा लेखा आणि निवृत्तीच्या वेळचे रोखीकरण: हिशेब कुठे चुकतो

निवृत्तीच्या वेळी न वापरलेल्या रजेच्या बदल्यात मिळणारी रक्कम, म्हणजे रोखीकरण, सेवापुस्तकातल्या रजा लेख्यावर ठरते, आणि तिथली चूक बहुतेक वेळा जुनी असते. म्हणून दर 1 जानेवारी आणि 1 जुलैला नोंद करतानाच आधीच्या सहामाहीची शिल्लक तपासा. खाली केंद्रीय नागरी सेवा (रजा) नियम, 1972 प्रमाणे हिशेब दिला आहे. महाराष्ट्र शासनाच्या कर्मचाऱ्यांना 1981 चे रजा नियम वेगळे लागू आहेत, त्यामुळे तिथे त्या त्या कलमाची खात्री करून घ्यावी.

दोन्ही तारखांना 15 दिवस अर्जित (पूर्ण पगारी) आणि 10 दिवस अर्धवेतनी (निम्म्या पगाराची) रजा आगाऊ जमा होते. मागच्या सहामाहीत असाधारण (बिनपगारी) रजा घेतली असेल तर अर्जित रजेच्या जमेतून तिचा एक दशांश वजा करा: 40 दिवसांची असाधारण रजा असेल तर 15 ऐवजी 11. परिवर्तित रजा (अर्धवेतनी रजा पूर्ण पगारी करून) घेतली की अर्धवेतनी खात्यातून दुप्पट दिवस जातात, 10 दिवसांना 20. नैमित्तिक रजा या लेख्यात येतच नाही. बदलीनंतर न वापरलेला पदग्रहण अवधी (नव्या जागी रुजू होण्यासाठी मिळणारे दिवस) मात्र अर्जित रजेत जमा करायचा असतो, आणि ही नोंद हमखास राहून जाते.

अर्जित रजा जास्तीत जास्त 300 दिवस साठवता येते, आणि सर्वात जास्त नुकसान या 300 च्या मर्यादेजवळ होते. समजा 30 जूनला शिल्लक 294 आहे. अनेक ठिकाणी 1 जुलैला 6 दिवस मिळवून 300 लिहितात आणि उरलेले 9 सोडून देतात. पुढे कर्मचाऱ्याने 8 दिवस रजा घेतली की शिल्लक 292 होते. हे चूक आहे. शिल्लक 285 पेक्षा जास्त असेल तेव्हा नवे 15 दिवस वेगळे दाखवायचे, म्हणजे 294 + 15. सहामाहीत घेतलेली रजा आधी या 15 मधून खर्ची टाकायची. 8 गेले, 7 उरले. 31 डिसेंबरला 294 + 7 = 301, मर्यादेमुळे 300. कर्मचाऱ्याचा एकच दिवस बुडतो, आठ जास्तीचे वाचतात.

निवृत्तीच्या सहामाहीत पूर्ण 15 दिवस जमा करू नका. प्रत्येक पूर्ण महिन्याला अडीच दिवस धरा. 30 सप्टेंबरला निवृत्ती असेल तर जुलै ते सप्टेंबरचे साडेसात, म्हणजे 8. अर्धवेतनी रजा महिन्याला 5/3 दिवस, म्हणजे 5. इथे 15 लिहिले गेले तर जादा रक्कम निघते आणि नंतर वसुली लागते. निवृत्त माणसाकडून वसुली करणे कुणालाच सोपे जात नाही.

आता रक्कम. निवृत्तीच्या दिवशीचे मूळ वेतन अधिक महागाई भत्ता, भागिले 30, गुणिले शिल्लक दिवस. घरभाडे भत्ता धरायचा नाही. मूळ वेतन 60,400 आणि महागाई भत्ता 50 टक्के धरला तर दिवसाचा दर 3,020 रुपये. अर्जित शिल्लक 240 असेल तर 7,24,800 रुपये. 300 ला कमी पडणारे 60 दिवस अर्धवेतनी रजेतून घेता येतात, पण निम्म्या वेतनाने आणि त्यावरच्या महागाई भत्त्याने: 1,510 रुपये दराने 90,600. एकूण 8,15,400. वरच्या उदाहरणातले आठ दिवस याच दराने 24,160 रुपयांचे होतात!

सेवेत असताना रजा प्रवास सवलतीबरोबर (एलटीसी) रोखीकृत केलेले दिवस (एका वेळी 10, संपूर्ण सेवेत 60) लेख्यातून वजा होतात, पण निवृत्तीच्या 300 च्या मर्यादेतून वजा करायचे नाहीत. निवृत्तीच्या वेळची रक्कम सरकारी कर्मचाऱ्याला पूर्ण करमुक्त असते, सेवेत असताना घेतलेली करपात्र.

सरकारी हिशेबात हा खर्च मुख्य शीर्ष (खर्चाचा मुख्य गट) 2071 खाली, लघुशीर्ष (उपगट) 115 मध्ये दाखवतात. सरकारी लेखे रोख तत्त्वावर असल्याने रक्कम दिली जाते तेव्हाच खर्च पडतो. सरकारी कंपन्या मात्र ॲक्चुअरीकडून (भविष्यातल्या देण्यांचा अंदाज काढणाऱ्या तज्ज्ञाकडून) मूल्यांकन करून दरवर्षी तरतूद करतात.

असाधारण रजा मंजूर करताना ती वैद्यकीय प्रमाणपत्रावर होती का, हे त्याच दिवशी सेवापुस्तकात लिहा. निवृत्तिवेतनाची अर्हताकारी (धरली जाणारी) सेवा आणि उपदानातल्या (ग्रॅच्युइटीतल्या) पूर्ण सहामाह्या मोजताना हीच नोंद पाहिली जाते.