फूटीची पहिली किक: पुण्यातल्या पोरांसाठी

ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये, म्हणजे फूटीत, नवख्या खेळाडूचं पाणी जोखलं जातं ते ड्रॉप पंटवर, म्हणजे हातातून सोडलेला चेंडू जमिनीला टेकण्याआधीच मारलेल्या किकवर. उंच उडी, दमसास नंतर पाहता येईल. कबड्डी-खोखो खेळलेल्या पोरांकडे चपळाई असतेच. अडतं ते किकवर.

लंबगोल चेंडू उभा धरा, बोटं दोन्ही बाजूंना पसरलेली. किक मारणाऱ्या पायाच्या बाजूचा हात चेंडू खाली नेतो, दुसरा आधी सुटतो. चेंडू कमरेच्या उंचीवरून सोडायचा, वर उडवायचा नाही. पायाची बोटं ताठ ताणून, बुटाच्या लेसवर चेंडूचं खालचं टोक घ्या. चेंडू उलटा फिरत गेला की जमलं. आडवा भिरभिरला, तर दोष बहुधा पायात नसतो, हातात असतो: चेंडू तिरका सुटलेला असतो. म्हणून आधी दहा-पंधरा मीटरवरच, जोर न लावता. लांब मारायची हौस सवय बिघडवते.

हँडबॉलला, म्हणजे मुठीने ठोसून दिलेल्या पासला, एका तळव्यावर चेंडू, दुसऱ्या हाताची मूठ. अंगठा मुठीबाहेर, नाहीतर दुखावलाच म्हणून समजा. फेकलं तर फ्री किक समोरच्याला.

चेंडू घेऊन पळताना 15 मीटरच्या आत तो जमिनीवर आपटायचा किंवा टेकवायचा. मे महिन्यात पुण्यातली मैदानं दगडासारखी होतात. तिथे चेंडू भलताच उसळतो आणि चामडं सोलवटतं. सरावाला सिंथेटिक चेंडू बरा, पावसाळ्यातल्या चिखलातही तोच टिकतो. उड्या मारून झेल घ्यायचा सराव मात्र गवतावरच.