पद्मिनीचा सायलेन्सर लीक शोधायची सोपी पद्धत

जुनी प्रीमियर पद्मिनी नाहीतर अँबॅसेडर गाडी स्टार्ट केल्यावर टिकटिक आवाज येतो आणि इंजिन तापलं की कमी होतो, तर बहुतेक मॅनिफोल्डचं (इंजिनमधला धूर सायलेन्सरकडे नेणारा पाइप) पॅकिंग गेलंय, टॅपेटचा (इंजिनचे व्हॉल्व्ह हलवणारा भाग) आवाज समजून उगाच खोलत बसू नका. बघायचं सकाळी गार असतानाच, सोलापूरच्या मे महिन्यात दुपारी बॉनेटलाच हात लावता येत नाही. गाडी उघड्यावर घेऊन चालू करा, धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. एकाने ओला जुना सोलापुरी टॉवेल मागच्या पाइपवर क्षणभर दाबायचा, दुसऱ्याने जॉइंटवर साबणाचं पाणी मारायचं, बुडबुडे आले की लीक तिथंच. काळी काजळी दिसली तरी तेच. गंजलेल्या नटांना आदल्या रात्री तेल मारा नाहीतर स्टड (नट बसतो तो इंजिनातला आट्यांचा दांडा) तुटतो, मग खरी कटकट. नवं पॅकिंग टाकून मधल्या नटापासून बाहेर थोडं थोडं आवळा.